चष्म्यातला पडदा

जपानमधील क्योतो हे शहर जुन्या देवळांसाठी प्रसिद्ध आहे. त्या शहरात इ. स. १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने पत्ते तयार करण्याचा धंदा सुरू केला. फुलापानांची चित्रे असलेले ते पत्ते मुठीत मावत. ते खेळावयास ना वीज लागे, ना तार. त्याच दुकानाची पुढे निन्टेंडो ही जगप्रसिद्ध कंपनी झाली आणि तिची खेळयंत्रे जगभर कोट्यवधी मुले व मोठी माणसे वापरू लागली. पत्त्यांपासून निघालेला हा प्रवास आता डोळ्यांवर चढवावयाच्या चष्म्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. खेळयंत्र आणि चष्मा यांच्यामध्ये असते ती केवळ एक बारीकशी केबल. ती एका टोकाने यंत्रात बसते, दुसऱ्या टोकाने चष्म्यात बसते; आणि तरीही पुष्कळदा चष्म्यात काळोखच राहतो. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

टी.व्ही.च्या पडद्यावर खेळ खेळता येईल ही कल्पना प्रत्यक्षात आणणारा पहिला मनुष्य म्हणजे राल्फ बेअर. त्याचा जन्म १९२२ साली जर्मनीत झाला. ज्यू कुटुंबातील असल्यामुळे नाझींच्या छळाला कंटाळून त्याच्या घरच्यांनी १९३८ साली देश सोडला व ते अमेरिकेत आले. तेथे बेअर अभियंता झाला. त्याने बनवलेल्या यंत्राचा रंग तपकिरी होता, म्हणून ते 'तपकिरी पेटी' या नावानेच ओळखले जाई. त्या पेटीवरून तयार झालेले ओडिसी नावाचे यंत्र १९७२ साली बाजारात आले. टी.व्ही.ला जेथे एरियलची तार जोडतात, तेथेच हे यंत्र जोडावे लागे. म्हणजे खेळ सुरू झाला की कार्यक्रम बंद! घरात टी.व्ही. एकच असावयाचा. मुलांना खेळावयाचे, आजोबांना बातम्या पाहावयाच्या. त्यामुळे ओडिसीबरोबर एक नवे घरगुती भांडणही जन्मास आले, असे म्हणावयास हरकत नाही.

या भांडणावर निन्टेंडोने एक चतुर तोड काढली. ३ मार्च २०१७ रोजी तिने स्विच नावाचे यंत्र विक्रीस आणले. त्याला स्वतःचा ६.२ इंची पडदा आहे. टी.व्ही. मोकळा असेल तेव्हा हे यंत्र 'डॉक' नावाच्या खोक्यात उभे करून ठेवावयाचे. मग चित्र टी.व्ही.वर उमटते. टी.व्ही.ला दुसरे गिऱ्हाईक आले की यंत्र खोक्यातून उचलावयाचे आणि खेळ हातात घेऊन माडीवर जावयाचे. खेळात खंड पडत नाही. तथापि, हातातला पडदा शेवटी तळहाताहून फारसा मोठा नाही. त्यावरील बारीक अक्षरे वाचण्यासाठी मान खाली घालून बसावे लागते आणि तासाभरात ती दुखू लागते. टी.व्ही.एवढे मोठे चित्र पाहावयाचे, पण टी.व्ही. मात्र वापरावयाचा नाही, अशी ही अडचण आहे. ती सोडवू पाहणारे साधन म्हणजे पडद्याचा चष्मा.

डोळ्यांपुढे पडदा बांधण्याची कल्पना आजची नव्हे. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या संशोधकाने डोक्यावर घालावयाचे एक चित्रयंत्र बनवले. ते इतके बोजड होते की त्याला छतापासून आधार द्यावा लागला. ग्रीक लोकांच्या एका कथेत डॅमोक्लीस नावाच्या मनुष्याच्या डोक्यावर केसाने टांगलेली तलवार आहे; त्यावरून या यंत्रालाही 'डॅमोक्लीसची तलवार' असे नाव पडले. त्यातून दिसे ते काय, तर रेघांनी काढलेल्या साध्या आकृत्या. पुढे १९९५ साली निन्टेंडोनेच व्हर्च्युअल बॉय नावाचे यंत्र काढले. ते टेबलावर ठेवून, त्यात डोळे खुपसून खेळावे लागे. चित्रे फक्त लाल रंगाची दिसत. लोकांना ते रुचले नाही आणि दुसऱ्याच वर्षी कंपनीने ते बंद केले. आजच्या चष्म्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असते. छताला टांगण्याच्या यंत्रापासून नाकावर बसणाऱ्या चष्म्यापर्यंत येण्यास अर्धशतक लागले.

या चष्म्याच्या पोटात, भुवयांच्या पातळीवर, शर्टाच्या बटणाएवढे दोन पडदे असतात. प्रत्येक डोळ्यासाठी एक. बटणाएवढ्या त्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर वीस लक्ष त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके होतात, आणि त्यांतील प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो. पण एवढा लहान पडदा डोळ्याजवळ आणून भागत नाही. आपलाच अंगठा डोळ्यापासून चार बोटांवर धरून पाहावा. तो पुसट दिसतो. इतक्या जवळची वस्तू स्पष्ट पाहण्याची शक्ती डोळ्यात नाही. म्हणून पडद्यातून निघालेला प्रकाश थेट डोळ्यात न सोडता त्याला वळसा घालावयास लावतात.

तो वळसा असा. पडद्याचे तोंड खाली असते. त्यातून निघालेला प्रकाश खाली येऊन एका तिरप्या काचेवर पडतो. ही काच अर्धवट आरशासारखी असते. ती काही प्रकाश परत फेकते व काही आरपार जाऊ देते. परत फेकलेला प्रकाश डोळ्याकडे न येता पुढे, म्हणजे बाहेरच्या दिशेस जातो. तेथे एक अंतर्वक्र काच असते. तीही अर्धवट आरसाच. दाढी करताना जो गोल आरसा वापरतात, त्यात चेहरा मोठा दिसतो. त्याच नियमाने ही अंतर्वक्र काच बटणाएवढे चित्र मोठे करते आणि डोळ्याकडे परत पाठवते. वाटेत पुन्हा ती तिरपी काच लागते. तिच्यातून आरपार निघालेला प्रकाश अखेर डोळ्यात शिरतो. या रचनेला तंत्रज्ञ 'बर्डबाथ', म्हणजे पक्ष्यांच्या अंघोळीचे भांडे, असे म्हणतात. ती वाकडी काच आणि तिच्याशी टेकलेली तिरपी काच पाहून कोणास तरी बागेतील पाण्याचे उथळ भांडे आठवले असावे.

या वळशात प्रकाशाची फार नासाडी होते. दोन्ही काचा नेमका अर्धा प्रकाश परत फेकतात व अर्धा पुढे सोडतात, असे धरून चालू. पहिल्या काचेपाशी निम्मा प्रकाश उरला. दुसरीपाशी त्याचा निम्मा, म्हणजे चतुर्थांश. आणि परतीच्या वाटेवर त्याचाही निम्मा, म्हणजे एक अष्टमांश. आठ आण्यांनी निघालेल्या प्रवाशाच्या हाती मुक्कामाला पोहोचताना एकच आणा उरावा, तसे हे झाले. म्हणून तो इवलासा पडदा अतिशय तेजस्वी असावा लागतो. बाहेरून येणाऱ्या प्रकाशालाही याच दोन काचा ओलांडाव्या लागतात. त्यामुळे जगातला प्रकाशही डोळ्यापर्यंत पोहोचेतो चौथाई होतो. हा चष्मा काळ्या गॉगलसारखा दिसतो तो या कारणाने. भर उन्हात मात्र चौथाई सूर्यप्रकाशही पुष्कळ होतो आणि त्यात चित्र फिके पडते. तेव्हा चष्म्यावर बाहेरून काळे झाकण बसवावे लागते.

काही चष्म्यांच्या जाहिरातींत 'चार मीटरवर १३० इंची पडदा' असे लिहिलेले असते. ही केवळ बढाई आहे काय? बढाई नव्हे, पण त्यात एक गंमत आहे. डोळा वस्तूची खरी लांबीरुंदी मोजत नाही. वस्तूच्या दोन कडांमध्ये डोळ्याशी जो कोन होतो, तेवढाच त्याला कळतो. पौर्णिमेचा चंद्र हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या टोकाआड सहज लपतो, आणि तरीही चंद्र करंगळीएवढा नसतो. आता १३० इंच म्हणजे ६.२ इंचांच्या सुमारे एकवीसपट. म्हणून चार मीटरचा एकविसावा भाग, म्हणजे साधारण १९ सेंटिमीटर, एवढ्या अंतरावर जर स्विचचा स्वतःचा पडदा डोळ्यांपुढे धरला, तर तोही तेवढाच मोठा दिसेल! मग चष्म्यावर पैसे का खर्चावे, असे कोणी विचारील.

याचे उत्तर डोळ्यातील भिंगात आहे. जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील लहान स्नायू आवळले जातात आणि भिंग फुगीर होते. वस्तू जितकी जवळ, तितका स्नायूंना ताण अधिक. सुमारे पंचवीस सेंटिमीटरांच्या आतील वस्तू फार वेळ पाहणे बहुतेकांना त्रासाचे होते. १९ सेंटिमीटरांवरचा पडदा म्हणजे स्नायूंना सक्तमजुरीच. चष्म्यातील अंतर्वक्र काच प्रकाशाचे किरण अशा रीतीने वळवते की ते काही मीटर दुरून आल्यासारखे डोळ्याला वाटतात. स्नायू सैल राहतात. चित्राचा मोठेपणा जवळच्या वस्तूचा आणि डोळ्याचा आराम दूरच्या वस्तूचा, हा या चष्म्याचा खरा गुण होय. मान वर करून, पाठ टेकून, किंबहुना उताणे पडूनही चित्र पाहता येते. आजारपणामुळे ज्याला उठून बसता येत नाही, त्याला ही सोय केवढी मोठी वाटेल!

आता केबलकडे वळू. चष्म्याच्या काडीतून निघालेल्या केबलच्या टोकाला यू.एस.बी.-सी जातीचा प्लग असतो. २०१४ साली ठरवण्यात आलेला हा प्लग आज मोबाइलच्या चार्जरमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. तो उलटा-सुलटा कसाही बसतो. त्याच्या खाचेत बारा-बाराच्या दोन ओळी, अशा एकंदर चोवीस पट्ट्या असतात. काहींतून वीज जाते, काहींतून माहिती. आणि ठरवले तर माहितीच्याच वाटांवरून चित्रही पाठवता येते. पण 'ठरवले तर' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. प्लग बसताच चित्र वाहू लागत नाही. आधी दोन्ही बाजूंमध्ये बोलणी होतात आणि त्यासाठी एक स्वतंत्र वाट राखलेली असते. वीज कोण देणार, किती दाबाने देणार, चित्र पाठवावयाचे की नाही, हे सारे तेथे ठरते. माणसांना लागतो त्याहून फार कमी वेळ या वाटाघाटींना लागतो, पण त्या टळत नाहीत.

स्विचच्या तळाशी याच जातीची खाच आहे. चष्म्याचा प्लग तीत अगदी नेमका बसतो. पहिल्यांदा जोडणाऱ्याला वाटते, झाले काम! परंतु आत जे बोलणे होते, ते साधारण असे असते.

"कोण आहे?" यंत्र विचारते.

"मी चष्मा. मला चित्र दे, आणि चालण्यापुरती वीजही दे."

"चित्र मी फक्त डॉकला देतो. डॉकची खूण सांग. आणि वीज तूच मला द्यावयाची. पंधरा व्होल्टच्या दाबाने."

चष्म्यापाशी ना खूण असते, ना वीज. बहुतेक चष्म्यांत बॅटरीच नसते. यंत्राला हवा असतो देणारा, आणि दारात येऊन उभा राहिलेला असतो मागणारा. बोलणी तेथेच मोडतात. चित्र यंत्राच्याच पडद्यावर राहते आणि चष्मा अंधारात. केबल बिघडलेली नसते, चष्मा बिघडलेला नसतो, यंत्रही ठीक असते. प्लगचा आकार जुळला, करार जुळला नाही, एवढेच. पुष्कळ लोक अशा वेळी चांगली वस्तू नादुरुस्त समजून दुकानदाराकडे परत नेतात.

यंत्राने असा हट्ट का धरावा? टी.व्ही.साठी चित्र काढताना स्विच अधिक वेगाने काम करतो. हातात असताना त्याच्या पडद्यावर उभे ७२० ठिपके असतात, टी.व्ही.साठी तो १०८० पर्यंत काढतो. त्याला वीज अधिक लागते; म्हणून पुरवठा पक्का असल्याची खात्री तो करून घेतो. हे एक कारण. कंपनीचाच डॉक विकला जावा, हा हेतूही त्यामागे नसेलच असे नाही. सर्वच यंत्रे इतकी मानी नाहीत. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ साली काढलेले स्टीम डेक हे यंत्र चष्म्याचा प्लग खोचताच चित्र देते. तेथे मध्यस्थ लागत नाही.

स्विचला मात्र मध्यस्थ लागतो, आणि तो म्हणजे डॉक. डॉकमधून चित्र बाहेर पडते ते एच.डी.एम.आय. जातीच्या, एकोणीस पिनांच्या चपट्या खाचेतून, कारण टी.व्ही.ला तीच लागते. चष्म्याला लागते यू.एस.बी.-सी. म्हणून दोहोंच्या मध्ये एक रूपांतरक बसवावा लागतो. येथे दुसरी फसगत होण्याचा संभव असतो. बाजारात 'यू.एस.बी.-सी ते एच.डी.एम.आय.' अशा केबली मुबलक मिळतात; त्या मोबाइल किंवा संगणकातील चित्र टी.व्ही.वर नेण्यासाठी असतात. त्यांतील चित्र एकाच दिशेने वाहते. दोन्ही टोके बरोबर दिसतात म्हणून तीच केबल येथे लावली, तर ती उपयोगी पडत नाही. उताराचे पाणी चढाला जाईल कसे? येथे एच.डी.एम.आय.कडून यू.एस.बी.-सीकडे चित्र नेणारा रूपांतरक पाहिजे. शिवाय एच.डी.एम.आय.मधून येणारी वीज म्हणजे जवळजवळ नाममात्रच. तिच्यावर चष्म्याचे दोन तेजस्वी पडदे पेटत नाहीत. म्हणून रूपांतरकाला चार्जरने वेगळी वीज द्यावी लागते.

जोडणीचा क्रमही सांभाळावा. प्रथम डॉकला त्याच्या स्वतःच्या चार्जरची वीज द्यावी. मग डॉकपासून रूपांतरकापर्यंत एच.डी.एम.आय. केबल लावावी आणि रूपांतरकाची वीज सुरू करावी. त्यानंतर चष्म्याचा प्लग खोचावा. सर्वांत शेवटी यंत्र डॉकमध्ये उभे करावे. यंत्राचा पडदा काळा झाला आणि डॉकवरील लहान हिरवा दिवा लागला, म्हणजे चित्र बाहेर निघाले असे समजावे. थोड्याच वेळात डोळ्यांपुढे मोठा पडदा उजळतो आणि चष्म्याच्या काड्यांतून आवाज ऐकू येऊ लागतो. कारण त्याच केबलमधून ध्वनीही येतो. हिरवा दिवा लागला आणि तरीही चष्मा काळाच राहिला, तर दोष डॉकच्या पुढे, म्हणजे रूपांतरकापाशी शोधावा. दिवाच लागला नाही, तर अलीकडे, म्हणजे डॉकच्या चार्जरपाशी शोधावा. साऱ्या केबली एकदम ओढून पुन्हा लावण्यापेक्षा असा शोध घेणे शहाणपणाचे असते.

एवढा पसारा घेऊन रेल्वेने प्रवास करणे कठीण. म्हणून काही कारखान्यांनी बॅटरी पोटात असलेले लहान डॉक काढले आहेत. ते यंत्राला डॉकची खूण पटवतात, त्याला वीज देतात आणि चित्र थेट चष्म्याकडे पाठवतात. सोय मोठी, पण अशी वस्तू निवडताना विचार करावा लागतो. २०१८ च्या मार्च महिन्यात निन्टेंडोने यंत्राच्या आज्ञावलीत बदल केला, त्यानंतर इतर कारखान्यांचे काही डॉक वापरणाऱ्यांची यंत्रे कायमची बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. कराराची नक्कल जवळजवळ बरोबर असून चालत नाही. विजेच्या बाबतीत तर मुळीच नाही. आणि २०१९ साली निघालेल्या स्विच लाइट या लहान भावंडाला तर चित्र बाहेर पाठवण्याची सोयच दिलेली नाही. त्याची खाच दिसावयास तशीच आहे, पण ती केवळ विजेसाठी व माहितीसाठी. त्याच्याशी कोणताही डॉक जोडला तरी चष्मा उजळणार नाही.

चित्र उजळल्यावर ते सर्वांना सारखे दिसते असेही नाही. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांमधले अंतर सरासरीने त्रेसष्ट मिलिमीटरांच्या आसपास असते. बहुतेक चष्मे त्या मापाने घडवलेले असतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे हे अंतर सहसा कमी असते. त्यामुळे मोठ्या भावाला स्वच्छ दिसणारे चित्र धाकट्या बहिणीला कडांशी पुसट दिसते आणि ती डोळे ताणू लागते. दोष तिच्या डोळ्यांचा नसतो. ज्यांना दूरचे कमी दिसते त्यांना आपल्या नंबरची भिंगे आत बसवून घ्यावी लागतात. काही चष्म्यांत यासाठी फिरवावयाची चाकीही असते.

दुसरी गोष्ट मळमळीची. साध्या जोडणीत चित्र डोक्याला चिकटल्यासारखे असते. मान वळवली की पडदाही वळतो. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूला सांगते की डोके हलले. डोळे सांगतात की समोरचे काहीच हलले नाही. घाटातून जाणाऱ्या मोटारीत पुस्तक वाचणाऱ्याला असाच अनुभव येतो. मेंदूला दोन साक्षीदारांची जबानी जुळवता आली नाही की पोटात ढवळू लागते. काही चष्म्यांत डोक्याची हालचाल ओळखणारी साधने असतात. ती पडदा हवेत एका जागी खिळवून ठेवतात आणि त्रास कमी होतो. तरीही दर वीस मिनिटांनी चष्मा काढून वीसेक फुटांवरचे झाड किंवा भिंत थोडा वेळ पाहावी, हा नेत्रवैद्यांचा सल्ला येथेही लागू पडतो. चष्मा लावून जिना उतरणे किंवा रस्त्याने चालणे तर सर्वथा वर्ज्य. चौथाई प्रकाशात पायरी दिसत नाही.

५ जून २०२५ रोजी निन्टेंडोने स्विच २ हे नवे यंत्र विक्रीस आणले. त्याचा पडदा ७.९ इंची आहे आणि त्याला यू.एस.बी.-सीच्या दोन खाचा आहेत, एक वर व एक खाली. चित्र बाहेर पडते ते खालच्या खाचेतून. पहिल्या स्विचचा डॉक या यंत्राला चालत नाही. विजेची मागणी वाढली आहे आणि करारही बदलला आहे. पण नव्या डॉकच्या पाठीमागेही खाच आहे ती एच.डी.एम.आय.चीच. तेथून पुढे चष्म्यापर्यंतची वाट मात्र पूर्वीसारखीच राहिली आहे. जुना रूपांतरक तेथे लावता येतो.